बाल्टिकॉनला लेखक म्हणून पहिल्यांदा: वेळापत्रक, वाचन, खेळाचं टेबल, पुस्तकविक्री

एडिसनकर

नमस्कार मंडळी,

मेच्या शेवटी, मेमोरियल डेच्या वीकेंडला बाल्टिमोरला बाल्टिकॉन हे विज्ञानकथा-चाहत्यांचं कन्व्हेन्शन (संमेलन) भरतं. माझी पहिली विज्ञानकादंबरी (इंग्रजी, ३०० पानं, छोटा प्रकाशक) हिवाळ्यात आली आणि कार्यक्रम-समितीने सहभागी लेखक म्हणून बोलावलंय. प्रेक्षक म्हणून अशी कन्व्हेन्शन पाहिलीत, पण टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर कधी बसलेलो नाही. पोटापाण्यासाठी रेल्वे सिग्नलिंग, कादंबरीही लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या मालवाहतुकीवर. कच्चं वेळापत्रक असं आलंय:

शुक्रवार संध्याकाळी ७: पॅनेल (श्रोत्यांसमोर लेखकांची चर्चा), अंतराळातली वाहतूक
शनिवार सकाळी १०: पॅनेल, पाश्चात्त्य चौकटीबाहेरची भविष्यं (मॉडरेटर, म्हणजे चर्चा चालवणारा, मीच)
शनिवार दुपारी २ ते ६: कादंबरीच्या जगावर रोलप्लेइंग खेळ (प्रत्येक जण एक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो), खेळाडू ४ ते ६
शनिवार संध्याकाळी ६:३०: वाचन, २५ मिनिटं
रविवार सकाळी ११: सह्या, एक तास
रविवार दुपारी ३: पॅनेल, यंत्रं चुकतात तेव्हा

प्रश्न:
१. यात बदल मागितला तर वाईट दिसतं का?
२. वाचनाला किती शब्द घ्यावेत?
३. किती प्रती न्याव्यात? डीलर्स रूममध्ये (विक्रीच्या दालनात) स्वतःचं टेबल घ्यावं का?
४. घरी मित्रांना दोन वर्षं असाच खेळ, एकच मोहीम (भागाभागांत चालणारी लांब गोष्ट) खेळवतोय, पण अनोळखी लोकांना चार तासांत पूर्ण गोष्ट कधी खेळवलेली नाही. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाची पाचवी आवृत्ती वापरली तर चालेल?
५. एच-१बी नोकरी-व्हिसावर आहे. पुस्तकविक्रीत काही भानगड?

गाडीनेच जाणार आहे, त्यामुळे सामानाची चिंता नाही.


तिसरी घंटा

बदल मागा, आणि आजच मागा. कच्चं वेळापत्रक पाठवतात ते त्यासाठीच. एकदा वेळा ॲपवर चढल्या की तुमच्या एका बदलापायी समितीला चार माणसं हलवावी लागतात. मेल दोन ओळींचा असू दे: काय अडतंय आणि त्याऐवजी कुठली वेळ चालेल. नुसतं "ही वेळ जमत नाही" लिहिलंत तर जी रिकामी असेल ती पदरात पडते.

तुमच्या यादीत अडतंय ते शनिवारचं ६:३०. चार तास जीएम (खेळ चालवणारा) म्हणून बोलल्यावर घसा बसतो. त्यात खेळ ६ ला संपला असं कागदावरच होतं. पत्ते-फासे आवरायला दहा मिनिटं, एखादा खेळाडू बोलत थांबतो, शनिवारी संध्याकाळी लिफ्टला रांग असते. तीच जेवायची वेळ, म्हणून श्रोतेही नाहीत. रविवारी सकाळी १० ला वाचन आणि ११ ला सह्या असं जोडून मागा. वाचनाला आलेले सात जण तसेच उठून सह्यांच्या टेबलापर्यंत येतात. उलटा क्रम लावला तर हा फायदा जातो. नवी वेळ स्वीकारण्याआधी त्याच वेळेला प्रमुख पाहुण्यांचा कार्यक्रम किंवा मास्करेड (वेशभूषेची स्पर्धा) नाही ना, तेवढं बघा. त्यांच्यासमोर कुणाचीही खोली रिकामीच राहते.

आता वाचन. इंग्रजी मोठ्याने वाचण्याचा सुखाचा वेग मिनिटाला सुमारे १५० शब्द. २५ मिनिटांतली पहिली दोन-तीन लोकांना बसायला आणि तुमच्या ओळखीला, शेवटची पाच-सहा प्रश्नांना. उरली सोळाएक, म्हणजे थोडी सवड ठेवून २३०० शब्द. पूर्ण २५ मिनिटांचा मजकूर नेणारा माणूस शेवटची तीन पानं धावत वाचतो आणि सगळ्यात चांगलं वाक्य तिथेच वाया जातं. आपण मराठी माणसं घाबरलो की इंग्रजीत आणखी वेगाने सुटतो, तेव्हा घरी फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. २३०० शब्द तेरा मिनिटांत संपत असतील तर मजकूर वाढवू नका, वेग कमी करा.

छापील पुस्तकातून वाचू नका. १६ पॉइंटमध्ये, एका बाजूला छापून घ्या, पानांवर क्रमांक टाका, स्टेपल करू नका (पान उलटल्याचा आवाज माइकमध्ये जातो), आणि परिच्छेद पान संपण्याआधी संपवा. वाचनाच्या प्रतीत काटछाट बेधडक करा. आवाजावरून कोण बोलतंय ते कळत असेल तिथली सगळी "तो म्हणाला" काढा. डोळ्याला वेगळी दिसणारी पण कानाला सारखी लागणारी नावं बदला; पुस्तकात कीरन आणि करण दोघं असतील तर ऐकणाऱ्याचा गोंधळ पक्का. पहिलंच प्रकरण वाचायला हवं असा नियम नाही. दोन माणसं, एक बंद जागा, एक निर्णय असा प्रसंग निवडा, ज्याला तीन वाक्यांपेक्षा जास्त प्रस्तावना लागणार नाही, आणि निर्णय व्हायच्या आधी थांबा. खिशात ८०० शब्दांचा दुसरा उतारा असू द्या. सहा लेखकांचं सामूहिक वाचन अचानक ठरतं तेव्हा प्रत्येकाला पाच-सहा मिनिटंच मिळतात.

मॉडरेटरचं काम दोन आठवडे आधी सुरू होतं. पॅनेलवरच्या सगळ्यांना एक मेल: चार प्रश्न, "नावाचा उच्चार कसा करू?" आणि "कुठल्या गोष्टीबद्दल विचारू नको?" प्रत्यक्षात एका तासाच्या खोलीत बोलायला ५० मिनिटं धरा, कारण पुढच्यांना आत यायचं असतं. त्यातली पाच ओळखीला, तीस तुमच्या प्रश्नांना, बारा श्रोत्यांना, तीन समारोपाला. घोटाळा नेहमी ओळखीत होतो. पाच जणांनी आपापली ग्रंथसंपदा सांगितली की पंधरा मिनिटं गेलीच. तुम्हीच आधी सांगून टाका: नाव, एक पुस्तक, या विषयाशी संबंध, बस. श्रोत्यांकडूनही प्रश्न एका वाक्यात मागा आणि उत्तर देण्याआधी तो माइकवर पुन्हा सांगा. "माझा आवाज पोचतो" म्हणून माइक बाजूला ठेवू नका. मागच्या रांगेत श्रवणयंत्र लावलेला माणूस असतो आणि तो हात वर करत नाही.

टेबलावर पुस्तकाची एकच प्रत उभी ठेवा. सहा प्रतींचा कोट बांधून त्यामागून बोलणारे लेखक असतात, त्यांचा चेहरा कुणालाच दिसत नाही. नावाच्या पाटीवर आडनावाचा उच्चार फोड करून लिहा, नाहीतर तीन दिवस तीन वेगळी आडनावं ऐकाल.


जमाखर्च

पाचवा प्रश्न आधी, कारण तिसऱ्याचं उत्तर त्यावरून ठरतं.

एच-१बी म्हणजे ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याकडेच काम करायची परवानगी. पॅनेलवर विनामोबदला बोलणं, वाचन, सह्या हे सहसा नोकरीत मोडत नाही. अशा कन्व्हेन्शनला सहभागींना मानधन बहुधा नसतंच, फार तर बिल्ला (प्रवेशपत्र) फुकट मिळतो. पण टेबल मांडून स्वतः पैसे घेणं हा स्वतःचा धंदा ठरू शकतो, आणि "दहाच तर प्रती" हा काही बचाव नाही. तुमच्या कागदपत्रांवर काय चालतं ते इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. रॉयल्टीचंही त्याच बैठकीत विचारून टाका.

व्हिसाचा प्रश्न नसता तरी पहिल्या पुस्तकाला मी टेबल घेऊ नका म्हटलं असतं. मेरीलँडमध्ये पुस्तकावर ६ टक्के विक्रीकर आहे. तो विकणाऱ्याने गोळा करून भरायचा, आणि त्यासाठी बाहेरून येणाऱ्याला राज्याच्या कंट्रोलर कार्यालयाकडून तात्पुरता परवाना काढावा लागतो. वीस प्रतींसाठी एवढी उठाठेव कशाला?

सोपा रस्ता असा. कन्व्हेन्शनच्या साइटवर डीलर्सची यादी लागते. त्यातला पुस्तकवाला शोधा, महिनाभर आधी मेल करा, आणि "विकेल तेवढ्याचे पैसे, उरेल ते परत" या बोलीवर तुमच्या प्रती ठेवतो का विचारा. व्यवहार तुमच्या प्रकाशकाच्या नावाने होऊ द्या. रूढ वाटणी ६०-४०: पंधरा डॉलरच्या पुस्तकातले नऊ प्रकाशकाला, सहा दुकानदाराला. कर, कार्डमशीन, सुट्टे पैसे सगळं त्याच्याकडे.

नऊ डॉलर बरे दिसतात, पण छपाई वजा करा. ॲमेझॉनच्या मागणीनुसार छपाईत ३०० पानी काळी-पांढरी पेपरबॅक अमेरिकेत १ डॉलर स्थिर आणि पानामागे १.२ सेंट या हिशोबाने ४.६० डॉलरला पडते. उरले ४.४०, त्यातून पाठवणावळ. पेट्रोलसुद्धा निघत नाही. तेव्हा हा वीकेंड विक्रीचा नाही हे आधीच मान्य करून जा. तिथे तुम्ही ऐकले जाता आणि लोकांच्या लक्षात राहता, तो खर्च त्यासाठी.

प्रतींचं म्हणाल तर २० दुकानदाराकडे, ५ तुमच्या पिशवीत. सहा बाय नऊ इंचाची ३०० पानी प्रत साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे वीस प्रती ९ किलो. विमानाने जाणाऱ्यांनी २३ किलोची मर्यादा ध्यानात ठेवावी. हॉटेलच्या पत्त्यावर खोका पाठवायचा असेल तर आधी दर विचारा, बरीच हॉटेलं खोका ताब्यात घेण्याचेही पैसे लावतात. पोस्टाचा मीडिया मेल पुस्तकांना स्वस्त पडतो, पण रखडतो. किमान तीन आठवडे हाताशी हवेत.

गडबडी कुठे होतात:

प्रूफ प्रत (तपासणीसाठीची) आणि लेखक-प्रत (लेखकाला मिळणारी, विकता येणारी) यात गल्लत. प्रूफच्या मुखपृष्ठावर "पुनर्विक्रीसाठी नाही" असा पट्टा छापून येतो. त्या वीस प्रती आल्या तर दुकानदार हातही लावत नाही.

पावती न करणं. दोन प्रतींत कागद करा: नाव, आयएसबीएन, संख्या, किंमत, परत कोण घेणार. दोघांच्या सह्या. शुक्रवारी खोली उघडायच्या आधी नेऊन द्या, उघडल्यावर त्याला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो.

सह्यांचं पेन. जाड मार्कर पातळ कागदातून मागे उतरतो. ०.७ ची काळी जेल चालते, पण गुळगुळीत कागदावर ती पुसटते, म्हणून सही केल्यावर दहा सेकंद पुस्तक उघडं ठेवा. नावाचं स्पेलिंग प्रत्येकाला विचारा. जॉनसुद्धा दोन प्रकारे लिहितात.

पोस्टकार्डं शंभर छापा. पुढे मुखपृष्ठ, मागे दोन ओळींत कथा, क्यूआर कोड, आणि "डीलर्स रूममध्ये अमुक टेबलावर" लिहायला मोकळी जागा. कोड किमान २ सेंटिमीटर, पांढऱ्यावर काळा. तो दुकानाच्या पानावर न नेता स्वतःच्या पानावर न्या, म्हणजे दुवा बदलला तरी कार्डं फुकट जात नाहीत. छापायला टाकण्याआधी घरच्या प्रिंटरवर काढून दोन फोनवर तपासा. हे सांगायला कशाला हवं असं वाटेल, पण न उघडणारे कोड छापलेले गठ्ठे फुकट वाटपाच्या टेबलावर दर वर्षी दिसतात.


बाकावरचा

टेबलाबद्दल थोडा असहमत. वाचकाशी सुट्या गप्पा होतात त्या टेबलावरच, पॅनेलनंतर दारात मिळतात ती दोन मिनिटं. तिघांनी मिळून सहा फुटी टेबल घेतलं तर प्रत्येकाला दोन फूट येतात, भाडं तिसऱ्या हिश्शाचं, आणि एक जण पॅनेलला गेला की दोघं सांभाळतात. टेबल रिकामं दिसलं की लोक थांबत नाहीत, म्हणून मागे उभी पाटी हवी: डोळ्यांच्या उंचीला पुस्तकाचा प्रकार मोठ्या अक्षरात, लेखकाचं नाव लहान. नव्या लेखकाचं नाव कुणी शोधत नसतं, "अंतराळ-रहस्य" शोधत असतात.


जमाखर्च

तीन पुस्तकं असतील तर तुमचं बरोबर. एकाला परवडत नाही, कारण पहिलं विकत घेतल्यावर गिऱ्हाईकाला दुसरं द्यायला काही नसतं. आणि एडिसनकरांना एच-१बी वर वकिलाला विचारल्याशिवाय तसंही नाहीच.


षट्कोनी

चौथ्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

चार तासांचा खेळ म्हणजे सव्वातीन तास. २:०० ते २:२० ओळख, पात्रनिवड, नियम. २:२० ते ३:४५ पहिले दोन प्रसंग. दहा मिनिटं सुट्टी, ती द्याच, नाहीतर एकेक जण उठून जातो आणि प्रसंग मोडतो. ३:५५ ते ५:२५ पुढचे प्रसंग. ५:४५ पर्यंत शेवट. पाच-दहा मिनिटं गप्पा, आणि ५:५५ ला टेबल रिकामं, कारण ६ चा गट येऊन उभा असतो. चार प्रसंग लिहा आणि तिसरा असा लिहा की तो गाळला तरी गोष्ट जुळते. ४:३० ला घड्याळ बघा. दुसरा प्रसंग अजून चालू असेल तर तिसरा सोडून थेट चौथ्यावर उडी.

घरच्या मोहिमेची सवय इथे नडते. घरी जग हळूहळू उलगडतं, इथे धोक्याची घंटा पहिल्या मिनिटाला वाजलेली हवी. जगाची ओळख १५० शब्दांत, एका कार्डावर. आणि कादंबरीचं कथानक खेळवू नका. वाचलेल्याला शेवट माहीत असतो, न वाचलेला तुमच्या नायकाला दुसऱ्याच मिनिटाला हवाबंद दारातून बाहेर फेकतो आणि तुमचं तोंड पडतं. वेगळं स्थानक, वेगळा दिवस, नियम तेच. नायक पाहुणा म्हणूनसुद्धा आणू नका.

डी अँड डी चालेल का, तर कायद्याने चालेल. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना वापरता येतो, श्रेय दिलं की झालं. पण मंत्र आणि तलवारींचे नियम घेऊन सिग्नल केबिन कशी चालवणार? तुमच्या गोष्टीला फेट ॲक्सिलरेटेड ही सोपी नियमपद्धत बसेल. तेही क्रिएटिव्ह कॉमन्सखालीच आहे आणि नवख्या माणसाला दहा मिनिटांत कळतं.

प्रत्येक पात्राला काम करण्याच्या सहा पद्धती असतात: जपून, चतुराईने, दिमाखात, जोर लावून, झटपट, गुपचूप. त्यातल्या एकीला +३, दोघींना +२, दोघींना +१, एकीला ०. चार फासे टाकायचे, प्रत्येकावर अधिक, वजा किंवा कोरी बाजू, आणि बेरजेत ती पद्धत मिळवायची. जीएमने ठरवलेल्या अवघडपणाच्या आकड्याइतकी किंवा जास्त बेरीज झाली की काम जमलं. खास फासे नसतील तर साधे सहापैलू घ्या: १-२ वजा, ३-४ कोरा, ५-६ अधिक.

आकडे पाहून अवघडपणा ठरवा. चार फाशांच्या ८१ शक्यतांत ० येतो १९ वेळा. खेळाडूची पद्धत +३ आणि अवघडपणा +२ असेल तर त्याला -१ किंवा वर पुरतं, म्हणजे ८१ पैकी ६६, सुमारे ८१ टक्के. पद्धत ० असेल तर +२ किंवा वर लागतं, १५ शक्यता, १९ टक्केसुद्धा नाही. म्हणून नेहमीच्या कामाला +२, खरोखर जिवावरच्याला +४, आणि गोष्ट ज्यावर अडून आहे तिथे फासे टाकायलाच लावू नका. सापडायलाच हवा असा पुरावा फाशावर ठेवला आणि तो हुकला की पुढचा अर्धा तास सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

पात्रं सहा तयार न्या, पण अत्यावश्यक भूमिका पहिल्या चारांत. चारच खेळाडू आले आणि वैमानिकच कुणी उचलला नाही, असं व्हायला नको. पात्राचा कागद अर्ध्या पानाचा, १४ पॉइंट: एका ओळीत तो कोण, एका ओळीत त्याची अडचण, दुसऱ्या एका पात्राशी असलेलं नातं, दोन खुब्या (खास कौशल्यं), तीन फेट पॉइंट (अडचणीत खर्च करून फासे सावरायला). नातं सोडू नका. अनोळखी माणसं त्यामुळेच एकमेकांशी बोलू लागतात. नावं उच्चारायला सोपी ठेवा. बाकी सामान: फाशांचे तीन संच, चार बाय सहा इंची कोरी कार्डं तीस, मार्कर चार, पॉइंटसाठी काचेचे मणी, नावाच्या दुमडलेल्या पट्ट्या.

जाहिरातीचा मजकूर साठ-सत्तर शब्दांत: नियम कुठले, नवशिक्यांना चालेल, पात्रं मिळतील, वयोमर्यादा, कथेत काय अंगावर येऊ शकतं (बंद जागा, गुदमरणं). पुस्तकाचं नाव शेवटी. पहिल्याच ओळीत आलं तर लोकांना ती जाहिरात वाटते आणि ते शेजारचा खेळ निवडतात. नावनोंदणीच्या कागदावर सहा ओळी आणि खाली दोन प्रतीक्षेच्या. २:१० पर्यंत जो आला नाही त्याची जागा प्रतीक्षेतल्याला. तिघं आले तरी खेळवा. सातव्याला मात्र नाही म्हणा. सहाच्या वर प्रत्येकाची पाळी इतकी उशिरा येते की लोक फोन काढतात.

टेबलाच्या मध्यावर मोठा एक्स लिहिलेलं कार्ड ठेवा. कुणी त्याला हात लावला की तो तपशील गाळून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. अनोळखी टेबलावर हे लागतंच, आणि समजावायला अर्धं मिनिट पुरतं.

बसायची जागा: लांब बाजूच्या मधोमध. टोकाला बसलात तर गोंगाटात पलीकडच्या दोघांना काही ऐकू जात नाही. भिंतीलगतचं टेबल मिळालं तर उत्तम.

शेवटचं, पण प्रकाशकाशी करार केलेल्यांनी आधी वाचायचं: करारात खेळाचे हक्क कुणाकडे आहेत? फुकट खेळवायला सहसा कुणी हरकत घेत नाही, तरी प्रकाशकाला एका ओळीचा मेल करा. त्याच खेळाची पीडीएफ वाटायची किंवा विकायची असेल तर ते वेगळं प्रकरण आहे.


एडिसनकर

दंडवत! वाचनासाठी रविवार १० ची वेळ मागितली आणि अर्ध्या दिवसात मिळाली. प्रकाशक २० प्रती थेट पुस्तकवाल्याच्या नावाने पाठवायला तयार आहे. वकिलाची वेळ घेतली. करार काढून पाहिला तर खेळाचे हक्क प्रकाशकाकडे निघाले, त्याला मेल केलाय.

दोन शंका. शनिवारच्या पॅनेलवर काय विचारू? या विषयावर दर वेळी "तुमच्या संस्कृतीचा तुमच्या लेखनावर काय प्रभाव" हेच ऐकलंय. आणि खाण्याचं काय? शाकाहारी आहे.


तिसरी घंटा

तो प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी हात घालता येईल असं काहीतरी: तुमच्या भविष्यात घर कुणाच्या नावावर असतं? मेलेल्या माणसाचं काय करतात? सणाची तारीख कोण ठरवतं, आणि दुसऱ्या ग्रहावर चंद्र दोन असतील तर? परक्या भाषेतला शब्द समजावून सांगायचा की तसाच ठेवायचा, ते कसं ठरवता? अशा प्रश्नाला प्रत्येक जण आपल्या पुस्तकातला प्रसंगच सांगतो, भाषण करता येत नाही.

मॉडरेटर म्हणून तुमच्याही वाट्याला अर्धं मिनिट येईल. त्यात मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा १९७० पासून चालते आणि १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी तिथे टोपणनावाने कथा पाठवून बक्षीस मिळवलं, एवढं सांगा. खोलीतल्या बहुतेकांनी ते ऐकलेलं नसेल.

आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म भरताना "विषय" या रकान्यात रेल्वे सिग्नलिंग, बिघाड-सुरक्षित रचना, वाहतूक नियंत्रण असं नेमकं लिहा. नुसतं "भारतीय पार्श्वभूमी" लिहिलं की समिती तुम्हाला एकाच प्रकारच्या पॅनेलवर बसवते. यंदा त्यांनी वाहतुकीचं आणि यंत्रबिघाडाचं पॅनेल दिलंय. त्या दोन्हींवर तुम्हाला जे माहीत आहे ते शेजारच्याला नाही, तयारी तिथे जास्त करा.


जमाखर्च

खाणं: कॉन सुइटमध्ये (सगळ्यांना खुल्या खाण्याच्या खोलीत) चहा-कॉफी आणि अरबट-चरबट खाणं असतं, त्यावर जेवण समजून राहू नका. चिवडा, थेपले, शेंगदाण्याचे लाडू, मीठ-साखरेची पुडी सोबत न्या. लाडू वाचनाच्या आधी नको, घशात कोंडा राहतो. कन्व्हेन्शनवाल्यांचा जुना नियम ५-२-१: रोज पाच तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ. पाळा. चार दिवस बंद खोल्यांत शेकडो माणसं, घरी परतल्यावर आजारी पडणाऱ्यांची रांग लागते. गर्दीत मास्क वापरा.

शुक्रवारी दुपारी न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालात तर एरवीचे अडीच-तीन तास विसरा. लाँग वीकेंडला डेलावेअरपाशी हमखास तुंबतं. संध्याकाळी ७ चं पॅनेल आणि त्याआधी बिल्ला घ्यायचा, म्हणजे सकाळीच निघा. डाउनटाउनमध्ये पार्किंगचे पैसे लागतात, चार दिवसांचा दर आधी बघून ठेवा.


वाटसरू

वाचनखूण साठवली. दोन गोष्टींची भर.

बाल्टिकॉन भरवणारी बाल्टिमोर सायन्स फिक्शन सोसायटी १९८३ पासून पहिल्या कादंबरीसाठी कॉम्प्टन क्रुक पुरस्कार देते. तुमची पहिलीच आहे, तेव्हा पात्रतेचा कालावधी त्यांच्या साइटवर वाचून प्रकाशकाला लगेच कळवा. लहान प्रकाशकांना अशा गोष्टी मुदत उलटल्यावर आठवतात.

दुसरं, विज्ञानकथा लेखकांची संघटना एसएफडब्ल्यूए. विज्ञानकथा-अद्भुतकथा लिहून एकूण १०० डॉलर मिळवले असतील तर सहयोगी, १००० मिळवले असतील तर पूर्ण सदस्य होता येतं, आणि खेळासाठी केलेलं लेखनही धरतात. आगाऊ रकमेची आणि रॉयल्टीची कागदपत्रं एका फोल्डरमध्ये ठेवा.


एडिसनकर

डेलावेअरचं बरं झालं सांगितलंत, मी दुपारी २ ला निघणार होतो. एकच राहिलं: सोमवारी माझा कार्यक्रम नाही. रविवारी रात्री निघू का?


जमाखर्च

उरलेल्या प्रती कोण आणणार? दुकानदार सोमवारी खोली बंद व्हायच्या तासभर आधीपासूनच खोके भरू लागतात, आणि एकदा तुमच्या प्रती त्याच्या खोक्यात गेल्या की पुढच्या शहरात निघतात. सोमवारी सकाळी खोली उघडताच जा, पावती काढा, मोजून घ्या. राहिलेल्यांतल्या चार-पाचांवर सही करून त्यालाच ठेवून घ्यायला सांगा, पण प्रकाशकाला विचारून.